चाहत्यांची कुरकुर

ज्या वस्तूवर आपला जीव नाही, तिच्याविषयी आपण फारशी तक्रार करीत नाही. परक्याच्या घरी आमटी खारट झाली, तर आपण ती मुकाट्याने भुरकतो. वाढणाराने विचारलेच, तर 'झकास झाली आहे' असे सांगून मोकळे होतो. परंतु स्वतःच्या घरी तीच आमटी अंमळ अळणी लागली की आपणांस कंठ फुटतो. गाण्याबजावण्याच्या भक्तांचेही असेच आहे. आपल्या दैवताची पूजा ते फुलांनी जितकी करतात, त्याहून अधिक कुरकुरीने करतात. अमक्या सालानंतर आवाजात पूर्वीची धार राहिली नाही, तमक्या ठिकाणी ती जागा मुद्दाम गाळली, हे सांगणारा मनुष्य बहुधा वैरी नसतो; तिकिटाच्या रांगेत सर्वांच्या आधी उभा असतो तो तोच.

हे विचार आमच्या मनात येण्यास कारण घडले ते एका विलायती वाद्यवृंदाचे. 'क्वीन' ह्या नावाच्या रॉक वाद्यवृंदाने आपल्या गाण्यांच्या ज्या चित्रफिती काढल्या, त्यांचे संग्रह वेळोवेळी प्रसिद्ध झाले आहेत, आणि त्या संग्रहांवरून आमच्या घरात गेले काही महिने मोठे कडाक्याचे वाद झडत आहेत. वादाला तोंड लावणारे आमचे थोरले बंधू. ते उमेदीच्या वयात नोकरीनिमित्त लंडनला काही वर्षे होते आणि १९८६ च्या जुलैत वेम्बली मैदानावरील क्वीनच्या जलशास त्यांनी हजेरी लावली होती, ही गोष्ट घरी आलेल्या पाहुण्यास पाण्याच्या तांब्याबरोबरच कळते. त्यांची प्रतिपक्षी म्हणजे शिक्षणासाठी आमच्याकडे राहिलेली आमची भाची. तिचा जन्म ह्या वाद्यवृंदाचा मुख्य गायक निवर्तल्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला. तरीही त्याच्या प्रत्येक अंगविक्षेपाची तिला खडान्‌खडा माहिती आहे. आमच्या सौभाग्यवतींचा ओढा ख्यालगायकीकडे. त्या निवाडा देण्यापुरत्या येऊन बसतात. उरलो आम्ही. आमच्याकडे दोन्ही पक्षांचे ऐकून घेण्याचे काम आले, आणि ऐकता ऐकता ह्या कुरकुरीत काही तथ्य आहे असे आम्हांस वाटू लागले.

ज्या वाचकांस ह्या मंडळींचा परिचय नसेल त्यांच्यासाठी थोडी हकीकत सांगणे अवश्य आहे. हा वाद्यवृंद १९७० साली लंडनमध्ये स्थापन झाला. गिटार वाजविणारा ब्रायन मे हा खगोलशास्त्राचा विद्यार्थी. वादनाच्या व्यापात अर्धवट राहिलेला प्रबंध त्याने पुढे २००७ साली पुरा करून डॉक्टरची पदवी मिळविली. ताल धरणारा रॉजर टेलर. आणि १९७१ साली येऊन मिळालेला जॉन डीकन हा खर्जाची गिटार वाजविणारा. चौथा व मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी. ह्याचे मूळ नाव फारोख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारात, एका पारशी कुटुंबात. परंतु त्याची शाळा मात्र आपल्या पाचगणीची. तेथील सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात राहून तो पियानो शिकला, आणि तेथेच सोबत्यांना जमवून त्याने 'हेक्टिक्स' नावाचा पहिला वाद्यवृंद काढला. कृष्णेच्या खोऱ्यावरील त्या टेबललँडच्या वाऱ्यात ज्या कंठाने पहिले सूर लावले, तो पुढे वेम्बलीच्या मैदानावर घुमला. ही गोष्ट आमचे बंधू अशा थाटात सांगतात की, शाळेची फी जणू त्यांनीच भरली होती.

आता चित्रफितींविषयी. गाण्याला चित्राची जोड देण्याची कल्पना क्वीनच्या आधीही होती. परंतु ती रूढ होण्यास ज्या मोजक्या कृती कारण झाल्या, त्यांत 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' ह्या गाण्याची चित्रफीत अग्रभागी आहे. हे गाणे जवळजवळ सहा मिनिटांचे. १९७५ च्या नोव्हेंबरात ते लोकप्रिय होऊ लागले तेव्हा मंडळी दौऱ्यावर होती, आणि दूरचित्रवाणीवर दर आठवड्यास जाऊन हजेरी लावणे शक्य नव्हते. तेव्हा आपल्याऐवजी आपले चित्र पाठवावे अशी युक्ती निघाली. १० नोव्हेंबर रोजी एल्स्ट्री येथील स्टुडिओत ब्रूस गॉवर्स ह्या दिग्दर्शकाने सुमारे चार तासांत चित्रण उरकले. खर्च आला सुमारे ४,५०० पौंड. त्यात दिसणारी किमया किती साधी आहे पाहा. एका चेहऱ्याचे अनेक चेहरे दिसतात ते कॅमेऱ्याच्या भिंगापुढे पैलूदार काच धरल्यामुळे. एक चेहरा मागे मागे पळत अनंतात विरून जातो तो, कॅमेऱ्याचे तोंड त्याच कॅमेऱ्याचे चित्र दाखविणाऱ्या पडद्याकडे वळविल्यामुळे. केशकर्तनालयात समोरासमोर टांगलेल्या दोन आरशांत आपल्या मुंडक्यांची जी लांबच लांब ओळ दिसते, तोच हा प्रकार. हे गाणे इंग्लंडात नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. गायकाच्या निधनानंतर १९९१ च्या डिसेंबरात ते पुन्हा पहिल्या क्रमांकावर चढले. आणि २०१९ च्या जुलैत यूट्यूबवर त्या चित्रफितीच्या दर्शनांची संख्या १०० कोटींच्या पार गेली.

अशा चित्रफितींचा पहिला संग्रह 'ग्रेटेस्ट फ्लिक्स' ह्या नावाने १९८१ साली कॅसेटच्या रूपाने निघाला. दुसरा १९९१ साली. पुढे तबकड्यांचा काळ आला, तेव्हा २००२ साली 'ग्रेटेस्ट व्हिडिओ हिट्स' ह्या नावाने १६ प्रमुख चित्रफितींचा पहिला संच व २००३ साली दुसरा संच प्रसिद्ध झाला. चित्रे धुऊनपुसून स्वच्छ केलेली, आवाज नव्याने मांडलेला, आणि जोडीला मे व टेलर ह्या दोघांनी आपल्याच चित्रफिती पाहत पाहत केलेल्या गप्पा. इतके सगळे असताना चाहत्यांनी संतुष्ट व्हावे की नाही? परंतु ते व्हावयाचे नव्हते.

पहिली कुरकुर चौकटीविषयी. जुन्या दूरचित्रवाणीचा पडदा चारास तीन ह्या प्रमाणाचा, म्हणजे जवळजवळ चौरस. नव्या पडद्याचे प्रमाण सोळास नऊ. २००२ च्या संचात अनेक चित्रफिती ह्या नव्या रुंद पडद्यावर काठोकाठ भराव्यात म्हणून वरून व खालून कापण्यात आल्या. हा हिशेब साधा त्रैराशिकाचा आहे: चारास तीनचे चित्र रुंदी कायम ठेवून सोळास नऊच्या मापात बसवावयाचे, तर उंचीचा बरोबर चौथा हिस्सा जातो. रुपयातील चार आणे गेले! आमच्या बंधूंचा संताप ह्या चार आण्यांवर आहे. त्यांचे म्हणणे असे की, दिग्दर्शकाने कॅमेरा लावला तेव्हा वर किती आकाश सोडावयाचे व खाली पायांची किती जागा राखावयाची, हे ठरवूनच लावला. गायकाने हात उंच फेकला आणि पडद्याच्या काठाने त्याची बोटे छाटली, तर ते नृत्य राहिले काय?

भाचीने ह्यावर उत्तर दिले, "मोठे मामा, तुमच्या चौकोनी चित्राच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसतात. ते पाहून मला भिंतीवर टांगलेल्या आजोबांच्या तसबिरीची आठवण होते. माझ्या बरोबरीच्या मुलांनी हे पाहावे असे वाटत असेल, तर पडदा भरलेला दिसला पाहिजे."

"मग आजोबांचे पाय कापून तसबीर आडवी करू या," असे म्हणून बंधूंनी तो विषय त्या दिवसापुरता संपविला.

दुसरी कुरकुर आवाजाची. पूर्वी आवाज दोन कर्ण्यांतून येत असे. नव्या संचात पाच कर्णे व एक खर्जाचा, असा सहा ठिकाणांहून येणारा ध्वनिमेळ दिला आहे. एका पक्षास हा स्वर्ग वाटतो, कारण त्या गाण्यांतील एकावर एक रचलेल्या आवाजांच्या पाकळ्या आता सुट्या सुट्या ऐकू येतात. दुसरा पक्ष म्हणतो की, पाकळ्या सुट्या झाल्या की फुलाचे फूलपण जाते. येथे आमच्या सौभाग्यवतींनी प्रथमच तोंड उघडले. "तंबोरा गवयाच्या मागे असतो," त्या म्हणाल्या, "तो ऐकणाऱ्याच्या पाठीशी नेऊन बसविला तर जास्त ऐकू येईल, पण गाणे चांगले होईल असे नाही." बंधूंनी ह्यास मान डोलविली, भाचीने मात्र तबकडीवर साधा दोन कर्ण्यांचा आवाजही दिलेला असल्याचे दाखवून देऊन, ज्याला जे हवे ते त्याने ऐकावे, असा सलोखा सुचविला. चित्राच्या बाबतीत असा सलोखा होत नाही. कारण कापलेला भाग पडद्यामागे कोठे ठेवून दिलेला नसतो.

तिसरी कुरकुर निवडीची, आणि ही सर्वांत जुनी. कोणताही संग्रह घ्या, त्यात जे आहे त्याहून जे नाही त्याचीच चर्चा अधिक. कवितांच्या संग्रहाचे जे होते तेच येथे. शिवाय प्रत्येकाची आवड निराळी. एकास १९७८ च्या जानेवारीत रॉजर टेलरच्या घरामागील बागेत भर बर्फात उभे राहून केलेले उघडेबोडके चित्रण प्रिय. तेथे ना सजावट, ना कारागिरी. थंडीने गारठलेले चार तरुण आणि पायांखाली बर्फ. दुसऱ्यास १९८९ मधील 'ब्रेकथ्रू'ची वाफेची आगगाडी प्रिय. नेने खोऱ्यातील जुन्या लोहमार्गावर सपाट उघड्या डब्यावर उभे राहून ही मंडळी गातात आणि त्यांची गाडी एक खोटी भिंत फोडून बोगद्यातून बाहेर येते. पहिला दुसऱ्यास म्हणतो, पैसा आला आणि साधेपणा गेला. दुसरा पहिल्यास म्हणतो, दारिद्र्यालाच तू साधेपणा समजतोस.

हे सर्व ऐकून त्रयस्थ मनुष्य विचारील की, ह्या चाहत्यांस इतके बोलण्याचा अधिकार दिला कोणी? चित्रे कलावंतांची, मालकी कंपनीची. त्यांनी ती कापावीत, जोडावीत, रंगवावीत. गिऱ्हाइकाने पैसे द्यावेत, नाही तर न द्यावेत. हा युक्तिवाद कायद्याच्या दृष्टीने बिनतोड असेलही. परंतु क्वीनच्या बाबतीत त्यास एक विलक्षण अडचण आहे. ती अशी की, ह्यांतील काही चित्रांत चाहते स्वतःच आहेत.

१९७७ च्या ऑक्टोबरात 'वुई आर द चॅम्पियन्स' ह्या गाण्याचे चित्रण लंडनच्या एका नाट्यगृहात झाले. प्रेक्षक म्हणून भाडोत्री माणसे न आणता रसिकमंडळाच्या सभासदांनाच बोलावणे गेले. मंडळी आली, सांगितले तितक्या वेळा तेच गाणे त्यांनी ऐकले, हात उंचावून डोलली. आणि काम संपल्यावर त्यांचे ऋण फेडण्याकरिता वाद्यवृंदाने तेथेच आणखी काही गाणी त्यांना वाजवून दाखविली. १९८३ च्या नोव्हेंबरात 'रेडिओ गा गा'साठी पुन्हा असेच झाले. फ्रिट्झ लांग ह्या जर्मन दिग्दर्शकाच्या १९२७ सालच्या 'मेट्रोपोलिस' ह्या मूकपटातील दृश्ये त्या चित्रफितीत गुंफलेली आहेत. आणि त्या यंत्रनगरीतील कामकऱ्यांची आठवण देणारा जो समुदाय डोक्यावर हात नेऊन एका तालात टाळ्या वाजविताना दिसतो, तो शेपर्टनच्या स्टुडिओत जमलेल्या रसिकमंडळाच्या सभासदांचा आहे. पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. १३ जुलै १९८५ रोजी दुष्काळनिधीसाठी भरलेल्या 'लाइव्ह एड' जलशात वेम्बलीवर सुमारे ७२,००० लोक होते. त्यांतील बहुतेकांनी तिकिटे क्वीनसाठी काढलेली नव्हती. तरीही ते गाणे सुरू होताच साऱ्या मैदानाचे हात वर गेले आणि दोन टाळ्या एकदम वाजल्या. त्यांना हे कोणी शिकविले? चित्रफितीने शिकविले. म्हणजे चाहत्यांनी चित्रफितीत केलेली कृती पाहून दुसऱ्या श्रोत्यांनी मैदानावर ती केली.

म्हणून 'रेडिओ गा गा'च्या चौकटीस कोणी कात्री लावू म्हटले, तर त्या कात्रीत कोणाचे तरी उंचावलेले हात सापडतील. आणि तो मनुष्य आज सत्तरीच्या घरात असेल, व नातवंडांना 'हा पाहा मी' असे म्हणून बोट दाखवीत असेल. त्याच्या तक्रारीस आम्ही नुसती गिऱ्हाइकाची तक्रार म्हणणार नाही. घराच्या बांधकामात ज्याने चार विटा उचलल्या, त्याने गळक्या छपराविषयी बोललेच पाहिजे. ह्या रसिकमंडळाचे नाव सर्वांत दीर्घकाळ चालत आलेले रॉक संगीताचे रसिकमंडळ म्हणून गिनेसच्या विक्रमग्रंथात नोंदलेले आहे. इतकी वर्षे जे लोक एका गोष्टीभोवती जमत राहिले, ते नुसत्या टाळ्यांवर जमले नसतील. कुरकुरीने त्यांना अधिक बांधून ठेवले असेल.

येथवर आम्ही चाहत्यांची बाजू घेतली. परंतु त्यांचा हक्क कोठवर चालतो, हाही प्रश्न आहेच. १९८४ च्या 'आय वाँट टू ब्रेक फ्री' ह्या चित्रफितीत चौघांनी बायकांचा वेष घेतला. इंग्लंडच्या दूरचित्रवाणीवर १९६० पासून चालत आलेल्या 'कॉरोनेशन स्ट्रीट' ह्या कौटुंबिक मालिकेचे ते विडंबन होते. मिशा तशाच ठेवून मर्क्युरी घर झाडतो आहे, हे पाहून इंग्लंडातील लोक पोट धरून हसले. कारण पुरुषाने स्त्रीवेष घेऊन हसविण्याची त्यांची जुनी परंपरा आहे. अमेरिकेत मात्र ती मालिकाही कोणास ठाऊक नव्हती आणि हा विनोदही रुचला नाही. त्या चित्रफितीमुळे अमेरिकेत आपले नुकसान झाले, असे ब्रायन मे ह्याने पुढे मुलाखतींतून सांगितले आहे. बालगंधर्वांच्या भामिनीवर भाळलेल्या महाराष्ट्राला ह्या बुजण्याचे नवल वाटेल; परंतु प्रत्येक समाजाच्या बुजण्याच्या जागा निरनिराळ्या असतात. आमच्या मते येथे चाहत्यांचा हक्क संपतो. आवडले नाही असे म्हणावे; असे करावयाचेच नव्हते, असे म्हणू नये. चाहता जे मागतो तेच देत बसणारा कलावंत लवकरच त्याचा नोकर होतो, आणि नोकरावर कोणी जीव टाकीत नाही.

तथापि हा हक्काचा प्रश्न आमच्या घरी खऱ्या अर्थाने उभा राहिला तो १९९१ सालच्या दोन चित्रफितींवरून. मर्क्युरीस एड्सची बाधा झालेली होती आणि ती त्याने जगापासून लपविली होती. त्या वर्षाच्या फेब्रुवारीत 'आयॅम गोइंग स्लाइटली मॅड'चे चित्रण झाले. ते कृष्णधवल आहे. त्यात त्याने चेहऱ्यावर पांढऱ्या रंगाचे जाड थर चढविले आहेत, डोक्यावर विस्कटलेला केसांचा टोप आहे, आणि अंगावरील कपड्यांच्या आत आणखी कपडे आहेत. वेड्याचे सोंग म्हणून ते खपून गेले. वस्तुतः ते सोंग दुसऱ्याच गोष्टीचे होते. झिजलेले शरीर भरलेले दिसावे ह्याचे. ३० मे रोजी 'दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ज' ह्या गाण्याचे चित्रण झाले. ब्रायन मे तेव्हा अमेरिकेत होता. त्याचे चित्रण मागाहून करून जोडले. मर्क्युरीने मांजरांची चित्रे रंगविलेले एक जाकीट अंगात घातले आहे. तो जवळजवळ जागचा हलत नाही. ज्या मनुष्याने मैदाने पायांखाली तुडविली, तो एका जागी उभा राहून नुसत्या डोळ्यांनी व बोटांनी गातो. शेवटी तो कॅमेऱ्याकडे रोखून पाहतो, कुजबुजल्यासारखे चार शब्द बोलतो आणि चौकटीबाहेर जातो. कॅमेऱ्यापुढे केलेले ते त्याचे अखेरचे काम. २३ नोव्हेंबर रोजी त्याने आपला आजार जाहीर केला व २४ नोव्हेंबर रोजी तो निवर्तला.

हे शेवटचे चित्रण रंगीत केलेले होते. प्रसिद्ध केले ते रंग काढून. रंगांत चेहऱ्याची जी दशा दिसली असती, ती काळ्यापांढऱ्यात झाकली जाते, म्हणून. पुढे काही वर्षांनी त्या दिवसाचे रंगीत चित्रण लोकांपुढे आले. आणि तेव्हापासून चाहत्यांत दोन तट पडले आहेत. तेच दोन तट आमच्या दिवाणखान्यात समोरासमोर बसले होते. परंतु नवलाची गोष्ट ही की, ह्या वेळी पक्ष उलटे होते.

चौकटीच्या चार आण्यांसाठी भांडणारे आमचे बंधू म्हणाले, "मूळ म्हणजे मूळ. चित्रण रंगीत झाले ना? मग संग्रहात ते रंगीतच आले पाहिजे. किती धैर्याने तो उभा राहिला हे त्याशिवाय कळावयाचे नाही. रंग काढून टाकणे म्हणजे कापणेच नव्हे काय?"

भाची बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मोठे मामा, ती चौकट कापली ती दुसऱ्यांनी. हे रंग काढले, ते त्याच्या जिवंतपणी आणि त्याच्यासाठी. आजी शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा आरसा दूर ठेवा म्हणाली होती. तुम्ही सगळ्यांनी ठेवलात. ती गेल्यावर त्या दिवसांतला फोटो कोणी भिंतीवर लावला नाही. मग ह्याचाच का लावावा?"

बंधू ह्यावर निरुत्तर झाले असे आम्ही म्हणणार नाही. ते सहसा निरुत्तर होत नाहीत. परंतु त्यांनी उठून खिडकी लावली, आणि ती लावण्यास त्यांना बराच वेळ लागला. आमच्या मातोश्रींच्या त्या दिवसांत तेच त्यांच्या उशाशी बसत असत.

त्या मुलीच्या बोलण्यात आम्हांस ह्या साऱ्या कुरकुरीचा निवाडा सापडला. कलावंताने जे लोकांच्या हाती दिले, ते पुरतेपणी मिळावे, कोणी मधल्याने त्यातील चतकोर मोडून घेऊ नये, असा आग्रह धरण्याचा चाहत्यास पूर्ण अधिकार आहे. त्या आग्रहात तो कितीही चिडला, भांडला, कंपनीला पत्रांवर पत्रे लिहीत बसला, तरी आम्ही त्यास हट्टी म्हणणार नाही. कारण जुन्या वस्तू अशा हट्टी माणसांमुळेच धड राहतात. परंतु कलावंताने जे बुद्ध्याच मागे ठेवले, त्यावर चाहत्याचा हक्क नाही. दिलेल्यातून काढून घेणे ही जशी चोरी, तसेच न दिलेले ओढून घेणे हीही चोरीच. आणि ती प्रेमाच्या नावाने होते म्हणून अधिक जपावयाचे. 'आम्ही तुझ्यावर इतके प्रेम केले, तेव्हा आम्हांस सर्व पाहू दे' असे म्हणणाऱ्या प्रेमात आणि कुतूहलात फारसे अंतर राहत नाही.

ह्यावर कोणी म्हणेल, इतिहासाचे काय? पन्नास वर्षांनी ज्यास ह्या मनुष्याचे चरित्र लिहावयाचे असेल, त्याने त्या रंगीत चित्रणाकडे पाहू नये काय? त्याने अवश्य पाहावे. ते नष्ट करावे असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. दप्तरखान्यात जपून ठेवणे निराळे आणि दिवाणखान्यात मांडणे निराळे. मृत्युपत्र आणि औषधांच्या चिठ्ठ्या सर्वच घरांत असतात. पाहुण्यांपुढे कोणी त्या ठेवीत नाही. संग्रह हा दिवाणखाना आहे. तेथे कलावंत ज्या वेषात येऊ इच्छीत होता, त्याच वेषात त्यास येऊ द्यावे. मिशा ठेवून लुगडे नेसावयाचे असेल तर तसे, बर्फात कुडकुडत तर तसे, आणि काळ्यापांढऱ्या छायेत अर्धा चेहरा झाकून तर तसे.

आमच्या भाचीस वाटते की हा नियम फार सोपा आहे. बंधूंस वाटते की त्यास अपवाद पुष्कळ निघतील. दोघांचेही खरे असेल. कारण कलावंताची इच्छा काय होती, हे प्रत्येक वेळी इतके स्पष्ट नसते. चौघांपैकी एक गेला, एक १९९७ नंतर ह्या व्यवसायातून निवृत्त होऊन घरी बसला. उरलेल्या दोघांनी जे ठरविले, ते चौघांचे मत समजावयाचे काय? आणि ज्या चित्रफितीत पाचशे चाहते टाळ्या वाजवितात, तिच्यात त्या पाचशेंची इच्छा कोणी विचारावयाची? हे प्रश्न पडणे हेच चाहतेपणाचे लक्षण आहे. ज्याला प्रश्न पडत नाहीत, तो गाणे संपताच दुसरे गाणे लावतो आणि सुखी असतो. त्याच्या सुखाचा आम्हांस हेवा वाटत नाही असे नाही. परंतु गाणी टिकतात ती ह्या दुसऱ्या, असंतुष्ट माणसांच्या आधारावर. तेव्हा एखाद्या घरात जुन्या चित्रफितींवरून आवाज चढलेले ऐकू आले, तर शेजाऱ्यांनी मध्ये पडण्याची घाई करू नये. तेथे काहीतरी जतन होत आहे असे समजावे.